फौजी गावात परतलाय, त्याची विद्या वाया घालवू नका

या पानावर आपण एरवी बियाणं, खत, पाणी आणि बाजारभाव यांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्या घरातलाच आहे. पिकावर कीड दिसली की आपण रात्रीची झोप सोडतो. घरातला अठरा वर्षांचा पोरगा संध्याकाळी कुठं बसतो, हे मात्र पुष्कळदा आपल्याला ठाऊक नसतं. बारावी झालेली, भरतीत धावण्यात नाहीतर छातीच्या मापात गेलेली, शेतात मन न रमणारी पोरं आज पारावर मोबाईलमध्ये मान घालून बसलेली प्रत्येक गावात दिसतात. तंबाखूची पुडी आधी हातात येते, बाटली मागाहून येते.

त्याच गावात दुसऱ्या आळीला आणखी एक माणूस असतो. पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला. वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, अंग अजून दणकट. पलटणीकडून कुणी कुस्ती खेळलेला असतो, कुणी कबड्डी, कुणी बॉक्सिंग. गावात आल्यावर आपण त्याचा सत्कार करतो, नारळ-फेटा देतो आणि विसरून जातो. मग तो शहरात बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो.

ही दोन माणसं एकमेकांना भेटली तर काय घडतं, हे बघायचं असेल तर हरियानातल्या भिवानीकडं बघा.

माण-खटावसारखाच मुलूख

भिवानी म्हणजे पंजाब-हरियानाचं गहू-भाताचं हिरवंगार चित्र नव्हे. राजस्थानच्या वाळवंटाला लागून असलेला हा भाग. जमीन रेताड, वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. पिकं बाजरी, हरभरा, मोहरी आणि गवार. बन्सीलाल मुख्यमंत्री असताना कालव्याचं पाणी पंपांनी उचलून या उंच वाळूवर नेलं गेलं, तेव्हा कुठं काही शिवारांना ओल मिळाली. आपल्या माण-खटावच्या शेतकऱ्याला हे चित्र वेगळं सांगायला नको. अशा मुलखात पोरगा शाळेतून बाहेर पडला की त्याच्यासमोर फौज नाहीतर पोलीस हा सरळ रस्ता. त्यामुळं घरटी फौजी ही तिथली जुनी रीत.

याच भागातल्या उमरवास गावचे कॅप्टन हवा सिंग. जन्म १९३७ चा. १९५६ साली ते लष्करात दाखल झाले आणि बॉक्सिंग तिथंच शिकले. १९६१ ते १९७२ या काळात हेवीवेट गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी सलग ११ वेळा घेतलं. १९६६ आणि १९७० या दोन्ही आशियाई स्पर्धा बँकॉकला झाल्या आणि दोन्हींत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. १९६६ सालीच त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

एवढं नाव कमावलेला माणूस निवृत्त झाल्यावर कुठंही आरामात राहू शकला असता. हवा सिंग भिवानीला आले आणि पोरांना शिकवू लागले. फौजेत जे शिकलो ते आपल्या मातीतल्या पोरांना द्यायचं, एवढाच धंदा त्यांनी मागं ठेवला. त्यांच्या हाताखालच्या राजकुमार सांगवान यांनी पुढं आशियाई विजेतेपद आणि अर्जुन पुरस्कार मिळवला. प्रशिक्षकांसाठी असलेला १९९९ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार हवा सिंग यांना जाहीर झाला. पण तो हातात पडायच्या अवघे पंधरा दिवस आधी, १४ ऑगस्ट २००० रोजी, भिवानीतच त्यांचं निधन झालं.

तुम्ही म्हणाल, एक मोठा माणूस होऊन गेला, त्याचं आम्हाला काय? खरी गोष्ट पुढंच आहे.

एकाचे अनेक कसे झाले

बियाण्याचं उदाहरण घेऊ. पैदासकार बियाणं मूठभरच असतं. त्यापासून पायाभूत बियाणं होतं, पायाभूतापासून प्रमाणित होतं आणि मग ते तुमच्या पेरणी यंत्रापर्यंत पोचतं. मधली एक पायरी तुटली तर वाण कितीही चांगला असो, तो संशोधन केंद्राच्या प्लॉटवरच राहतो. भिवानीत ही पायरी तुटली नाही. हवा सिंग गेले तरी शिकवणं थांबलं नाही, कारण शिकवणारे दुसरे उभे होते.

जगदीश सिंग हे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे ‘साई’चे प्रशिक्षक. त्यांनी २००३ साली ‘भिवानी बॉक्सिंग क्लब’ सुरू केला. क्लब म्हटल्यावर डोळ्यांसमोर मोठी इमारत येईल, पण तिथली खरी ताकद सकाळ-संध्याकाळच्या नेमात होती. आसपासच्या खेड्यांतली पोरं रोज यायची, मोठी लहानांना धरून शिकवायची.

पाच वर्षांनी, २००८ साली बीजिंगचं ऑलिंपिक आलं. भारताचे पाच बॉक्सर गेले, त्यांतले चार भिवानीत तयार झालेले. विजेंदर सिंग, अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे तिघं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. विजेंदरनं ७५ किलो गटात कांस्यपदक घेतलं. बॉक्सिंगमधलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. तेव्हापासून वर्तमानपत्रं भिवानीला ‘मिनी क्युबा’ म्हणू लागली, कारण क्युबा हा छोटा देश बॉक्सिंगच्या पदकांसाठी जगात नावाजलेला.

विजेंदरच्या घरची परिस्थिती समजून घ्या. गाव कालुवास, भिवानीच्या वेशीजवळचं. वडील हरियाना रोडवेजमध्ये बस ड्रायव्हर. थोरला भाऊ मनोज आधी बॉक्सिंग शिकला आणि त्या जोरावर १९९८ साली फौजेत लागला. मग पगारातून त्यानं धाकट्याच्या सरावाचा भार उचलला. म्हणजे पहिल्या पोराला या खेळानं नोकरी दिली आणि त्या नोकरीनं दुसऱ्याला ऑलिंपिकपर्यंत नेलं. शेतकऱ्याच्या, ड्रायव्हरच्या घरात खेळ असाच टिकतो. घरात कुठून तरी पगाराचा एक आधार लागतो.

पोरींनी वाट काढली

सुरुवातीला ही सगळी पोरांचीच गोष्ट होती. हरियानात मुलींना घराबाहेर पाठवताना लोक किती विचार करायचे ते सर्वांना माहीत आहे. निमडीवाली गावची पूजा रानी २००९ च्या सुमारास बॉक्सिंगकडं वळली ती वडिलांना न सांगता. तोंडावर लागलं की ती दिसू नये म्हणून घरी जायचं टाळायची. वडिलांना कळल्यावर सराव बंद झाला. तेव्हा तिचे प्रशिक्षक संजय शेवरान यांनी कित्येक महिने खेटे घालून वडिलांचं मन वळवलं. हे संजय म्हणजे हवा सिंग यांचेच चिरंजीव. वडिलांच्या नावानं त्यांनी भिवानीत अकादमी चालवली. पूजा पुढं टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली.

धनाना गावच्या नीतू घंघासची गोष्ट याहून बोलकी आहे. वडील जयभगवान चंदीगडला हरियाना विधानसभेत नोकरीला. पोरीला रोज भिवानीला नेणं-आणणं व्हावं म्हणून त्यांनी बिनपगारी रजा घेतली आणि कर्ज काढलं. स्कूटरवर मागं पोरीला बसवून ते गाव ते क्लब असे रोज फेऱ्या मारत. नीतू २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकली आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली.

२०२५ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला जागतिक स्पर्धा झाली. भारताला चार पदकं मिळाली, चारही मुलींची. त्यांत ५७ किलो गटाचं सुवर्ण जास्मिन लंबोरियानं घेतलं. ती भिवानीची आणि हवा सिंग यांच्या नात्यातली. तिच्या चुलत्यांनीच तिला तयार केलं आणि २०२२ साली ती लष्करात भरती झाली. नूपुर शेवरान हिला रौप्य मिळालं, ती हवा सिंग यांची सख्खी नात. कांस्य पूजा रानीचं. हवा सिंग यांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. फौजेतून गावात आलेली विद्या तिसऱ्या पिढीत फौजेपर्यंत परत गेली.

आपल्याकडं काय कमी आहे?

आता आपल्या जिल्ह्याकडं या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर तर फौजेतले बॉक्सरच होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि बॉक्सिंग संपलं. मग ते पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. सरकारनं २०१८ साली त्यांना पद्मश्री दिली. म्हणजे माती, तालीम, फौज यांतलं आपल्याकडं काहीच कमी नाही.

कमी पडतं ते परतलेल्या माणसाला कामाला लावण्यात. गावोगाव व्यायामशाळेच्या खोल्या बांधून तयार आहेत. कितीतरी ठिकाणी दाराला कुलूप, आत खताची पोती नाहीतर गणेश मंडळाचं सामान. इमारतीला पैसे मिळतात, पण ती रोज पहाटे उघडणारा माणूस ठरावात कुठंच नसतो.

यापुढं हा प्रश्न आणखी जवळ येणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. मूळ नियमाप्रमाणे अग्निवीराची सेवा चार वर्षांची आणि पुढं कायम होणार जास्तीत जास्त चौथा हिस्सा. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली, तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. म्हणजे बावीस-पंचविशीतले, अंगात रग आणि शिस्त असलेले तरुण गावात परतणार. त्यांना पारावर बसवायचं की तालमीत उभं करायचं, हे गावानं ठरवायचं आहे.

सुरुवात कशी करावी

समजा तुमच्या गावात पलटणीकडून बॉक्सिंग खेळलेला एखादा माणूस आहे. तर पुढील गोष्टी ध्यानात घ्या. बॉक्सिंगऐवजी कुस्ती किंवा कबड्डी असेल तरी यातल्या पुष्कळ गोष्टी लागू पडतात.

जागा : पहिल्या दिवशी रिंग लागत नाही. स्पर्धेची रिंग दोऱ्यांच्या आत सुमारे ६.१० मीटर लांब-रुंद असते. तेवढा चौकोन शाळेच्या मैदानावर फक्कीनं आखून घेतला तरी काम चालतं. दगड-गोटे वेचून जमीन सपाट करा. पावसाळ्यासाठी समाजमंदिर किंवा बंद व्यायामशाळा उघडा.

वेळ : दूध डेअरीला घालायची वेळ आणि सरावाची वेळ यांची गाठ पडू देऊ नका, नाहीतर पोरगा आठ दिवसांत घरी बसेल. रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजलेल्या पोराला पहाटे पाचला उभं करू नका, त्याला संध्याकाळची पाळी द्या. सुगीत हजेरी घटणारच. त्यावर रागावण्यापेक्षा पंधरा दिवस सराव हलका ठेवा.

साहित्य : सुरुवातीला दोरीवरच्या उड्या आणि धावणं याला खर्च नाही. ठोसे मारायची पिशवी जाड बारदानाची करता येते. मात्र तिच्यात नुसती वाळू भरू नका. वाळू खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट दुखावतं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या दाबून भरा. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या, ग्लोव्हज, दातांचं रबर आणि डोक्याचं शिरस्त्राण यांत मात्र काटकसर नको. हे चांगल्या प्रतीचंच घ्या. दातांचं रबर ज्याचं त्याचं वेगळं हवं.

शिकवण्याचा क्रम : पहिले काही महिने समोरासमोर झुंज लावायचीच नाही. उभं कसं राहायचं, पाय कसा सरकवायचा, हनुवटी खाली ठेवून पुढच्या हाताचा सरळ ठोसा कसा द्यायचा आणि चुकवायचा कसा, एवढंच. नवशिक्या पोरांना झुंजीची फार घाई असते. ती घाई आवरणारा माणूस खरा उस्ताद. मोठ्यांच्या स्पर्धेत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती असते. तेवढा दम यायलाच बराच काळ लागतो.

धोका : हे लपवून उपयोग नाही. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो. पोरगा भेलकांडला, डोकं दुखतं म्हणाला, उलटी झाली किंवा बोलणं विसंगत वाटलं तर त्याच क्षणी खेळ थांबवा आणि डॉक्टरांकडं न्या. डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्याला पुन्हा झुंजीत उतरवू नका, मग तो स्वतः कितीही बरा आहे म्हणो. जोडी लावताना वजन आणि अनुभव दोन्ही जुळले पाहिजेत. वजनाच्या गटात बसण्यासाठी पाणी तोडणं, उपाशी राहणं हा प्रकार वाढत्या वयाच्या पोरांत अजिबात चालू देऊ नका. आई-बापांची लेखी संमती आणि सुरुवातीला वैद्यकीय तपासणी एवढं कागदावर असू द्या.

खाणं : डबे-पावडरी यांच्या मागं लागू नका. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, अंडी, मोडाची मटकी आणि बाजरीची भाकरी हे आपल्याच शिवारातलं आहे. घरचं दूध सगळं डेअरीला आणि पोराच्या वाट्याला चहा, एवढं तरी थांबवा.

मुली : मुलींसाठी वेळ, कपडे बदलायची खोली आणि शौचालय यांची सोय आधी करा, मग हजेरीची अपेक्षा करा. गावातली एखादी शिक्षिका किंवा बचत गटातली बाई सरावाच्या वेळी तिथं बसली तर आयांची भीती निम्मी कमी होते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी

राज्य शासनाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. तिच्या सध्याच्या अटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. शालेय क्रीडा स्पर्धांत बॉक्सिंग हा खेळ आहे. त्यामुळं गावच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक पहिल्यापासून सोबत घ्या, म्हणजे पोरांना तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धेची वाट मिळेल. राज्यात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी आणि तिचं पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या चषकावर नोकरी मिळत नाही, हे पोरांना आधीच सांगा. प्रमाणपत्रांची एक फाईल पहिल्या दिवसापासून नीट ठेवा.

शिकवणाऱ्याचंही बघा. पेन्शन आहे म्हणून त्यानं फुकट राबावं, ही अपेक्षा बरोबर नाही. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संस्था यांनी मिळून थोडंफार मानधन ठरवलं, तर तो शहराच्या बँकेचं दार सोडून गावात थांबेल. आणि त्याच्या हाताखाली पहिल्या वर्षापासूनच दोन जाणती पोरं तयार करा. एका माणसाच्या जिवावर चाललेली तालीम तो माणूस आजारी पडला की बंद पडते.

शेवटी एक हिशोब मांडतो. शंभर पोरं आली तर ऑलिंपिकला एकही जाणार नाही, असंच धरून चाला. भिवानीतूनसुद्धा हजारो पोरं आली, त्यांतल्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. पण बाकीच्यांचं काय झालं? कुणी फौजेत गेला, कुणी पोलिसात, कुणी शेतात परतला. रोज पहाटे उठायची, पडलं तरी उभं राहायची आणि रागावर लगाम ठेवायची सवय मात्र सगळ्यांनी बरोबर नेली. आपल्या गावाला एवढं पीक आलं तरी खर्च वसूल आहे.

पुढची ग्रामसभा जवळ आली असेल. रस्ता, गटार, पाणी हे विषय असतातच. त्यांच्या खाली एक ओळ वाढवा : ‘बंद व्यायामशाळा सुरू करणे व गावातील माजी सैनिकांची त्यासाठी मदत घेणे.’ आणि सभेच्या आधी त्या माणसाच्या घरी जाऊन विचारा, ‘दादा, पोरांना शिकवाल का?’ त्याला असं विचारायला गावातलं कुणी आजवर गेलेलं नसेल.